हात, मनगट आणि पडद्यावरचा खेळ

पडद्यावर शर्यतीची मोटार डाव्या वळणाशी आली की खेळणाऱ्या मुलाचे खांदेही नकळत डावीकडे झुकतात. त्याच्या हाती केवळ बटणे असतात. खांदे झुकविल्याने मोटारीच्या मार्गात तसूभरही फरक पडणार नाही, हे त्याला चांगले ठाऊक असते. तरीही शरीर झुकतेच. मैदानाच्या कडेला उभा राहून सामना पाहणाराही चेंडू अडविण्यासाठी एकदम पाय पुढे करतो आणि मग स्वतःशीच हसतो. मन खेळात रंगले की शरीर स्वस्थ बसत नाही, असाच ह्याचा अर्थ. व्हिडिओ गेमच्या इतिहासात शरीराच्या हालचालींनी खेळ चालविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे मूळ ह्या साध्या अनुभवात आहे. ते प्रयत्न कोठे यशस्वी झाले, कोठे फसले आणि त्यांतून काय टिकून राहिले, हे पाहणे उद्बोधक आहे. कारण त्यात यंत्राइतकीच माणसाच्या शरीराचीही ओळख पटते.

हा विचार मुळात का निघाला, हे आधी पाहिले पाहिजे. १९८३ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने घरगुती खेळांचे जे यंत्र बाजारात आणले, त्याच्या हातातील नियंत्रकावर दिशा दाखविणारी एक फुली आणि दोन मुख्य बटणे होती. ती पाच वर्षांच्या मुलालाही समजत. पुढे खेळ वाढले, गुंतागुंतीचे झाले आणि त्यांच्याबरोबर बटणेही वाढली. २००० सालापर्यंत सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन २ ह्या यंत्राच्या नियंत्रकावर दिशेच्या फुलीशिवाय अंगठ्याने फिरवावयाच्या दोन कळा आणि जवळजवळ डझनभर बटणे आली होती. जो लहानपणापासून खेळत आला, त्याची बोटे त्यांवरून लीलया फिरत. पण ज्याने कधी तो नियंत्रक हाती धरला नव्हता, त्याला एखाद्या अपरिचित वाद्यासमोर बसविल्यासारखे वाटे. नातू खेळे आणि आजी पाही. ‘तूही खेळ’ असे म्हणून नातवाने नियंत्रक पुढे केला, तर ती हात मागे घेई. घरात खेळ चालू असावा आणि घरातील निम्म्या माणसांनी त्याच्या उंबऱ्याबाहेर थांबावे, असा हा प्रकार होता.

बटणांना पर्याय शोधण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. १९८९ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने निन्टेंडोच्या यंत्रासाठी ‘पॉवर ग्लव्ह’ नावाचा हातमोजा विकावयास काढला. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या साहाय्याने हा मोजा हाताची जागा ओळखी आणि बोटांची घडीही टिपी. कल्पना आकर्षक होती. पण तिची अचूकता बेताची होती आणि त्या मोज्यासाठीच रचलेले खेळ फारच थोडे होते. बटणांसाठी तयार केलेला खेळ हातमोज्याने खेळणे म्हणजे कुलूप एकाचे आणि किल्ली दुसऱ्याची, अशी गत झाली. २००३ साली सोनीने ‘आयटॉय’ नावाचा छोटा कॅमेरा आणला. त्यापुढे उभे राहून हात हलविले की खेळणाऱ्याची प्रतिमा पडद्यावर दिसे आणि तिच्या हातांनी पडद्यावरील वस्तू बाजूला सारता येत. ही मौज होती. पण तिने खेळांची दिशा बदलली नाही.

दिशा बदलली ती २००६ साली. त्याच्या आदल्या वर्षी, २००५ च्या सप्टेंबर महिन्यात, तोक्यो येथील खेळांच्या प्रदर्शनात निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता ह्यांनी एक नवा नियंत्रक हातात धरून दाखविला. तो दूरदर्शन संचाच्या रिमोटसारखा लांबट होता आणि एका हातात मावत असे. ह्या रूपातच मोठे शहाणपण होते. डझनभर बटणांचा नियंत्रक पाहून बिचकणारा माणूसही रिमोट मात्र रोज हाताळीत असतो. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आणि डिसेंबरमध्ये जपान व युरोपात हे यंत्र ‘वी’ ह्या नावाने विक्रीस आले. जपानबाहेरील बहुतेक देशांत त्यासोबत ‘वी स्पोर्ट्स’ हा पाच खेळांचा संच मिळे. त्यात टेनिस, बेसबॉल, गोल्फ, मुष्टियुद्ध आणि गडगडता चेंडू टाकून खुंट्या पाडण्याचा बोलिंग हा खेळ होता. टेनिस खेळावयाचे असेल, तर रिमोट रॅकेटसारखा धरावयाचा आणि हात फिरवावयाचा. ह्यापलीकडे काही शिकवावे लागत नसे.

हाताची हालचाल त्या छोट्या डबीला कळते तरी कशी? मोटार एकदम थांबली की आतील प्रवासी पुढे झुकतो आणि एकदम सुटली की मागे रेलतो. डोळे मिटून बसलेला मनुष्यही ह्या झुकण्यावरून मोटार कशी चालली आहे, ते सांगू शकतो. रिमोटच्या पोटात सिलिकॉनची एक चिप असते. तिच्यात केसाहून बारीक अशा स्प्रिंगांवर तोललेला एक सूक्ष्म प्रवासीच जणू बसविलेला असतो. रिमोट हलला की तो मागे-पुढे सरकतो, त्यामुळे चिपमधील विद्युत्-स्थितीत अल्पसा बदल होतो आणि तो बदल मोजला जातो. ह्या उपकरणाला त्वरणमापक म्हणतात. रिमोट स्थिर असला, तरी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण त्याला जाणवतच असते; म्हणून आपण किती कललो आहोत, हेही त्याला समजते. मात्र त्याला एक मर्यादा आहे. रिमोट टेबलावर सपाट ठेवून नुसता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरविला, तर गुरुत्वाकर्षणाची दिशा त्याच्या दृष्टीने बदलत नाही आणि हे फिरणे त्याला नीटसे उमगत नाही.

पडद्यावर नेम धरण्यासाठी म्हणून दुसरी योजना केलेली होती. दूरदर्शन संचावर वा त्याच्याखाली एक बारीक पट्टी ठेवावयाची असे. तिला ‘सेन्सर बार’ असे नाव होते. वस्तुतः ती काहीच ओळखीत नसे. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे होते, एवढेच. पाहण्याचे काम रिमोटच्या पुढच्या टोकातील लहानसा कॅमेरा करी. समुद्रातील तांडेल किनाऱ्यावरील दोन दिव्यांवरून होडीची दिशा ठरवितो, तसे त्या दोन ठिपक्यांवरून रिमोट आपला रोख ठरवी. ती पट्टी बिघडली असता दोन मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी काम भागे. कारण मेणबत्तीच्या ज्योतीतूनही अवरक्त किरण निघतात.

ह्या साध्या साधनांवर उभारलेल्या यंत्राची विक्री १० कोटींहून अधिक झाली. ह्या यशाचे मर्म केवळ चिपमध्ये नव्हते. वी स्पोर्ट्सच्या टेनिसमध्ये खेळाडूला पळावे लागत नाही. पडद्यावरचा खेळगडी चेंडूकडे आपणच धावतो. माणसाने फक्त योग्य क्षणी हात फिरवावयाचा. म्हणजे रचनाकारांनी खेळातील पुष्कळसे भाग बाजूला काढून एकच भाग माणसाकडे ठेवला आणि तो असा निवडला की जो शरीराला आधीच येतो. अमेरिकेतील वृद्धनिवासांत बोलिंगच्या स्पर्धा रंगू लागल्याच्या बातम्या २००७ पासून येऊ लागल्या. खरा जड चेंडू उचलण्याचे बळ ज्यांच्या हातांत उरले नव्हते, त्यांना चेंडू टाकण्याची लकब मात्र आठवत होती. त्या जुन्या लकबीला ह्या यंत्राने पुन्हा काम दिले. आजी प्रेक्षक राहिली नाही. क्वचित ती नातवाला हरवूही लागली.

परंतु प्रत्येक यशाच्या पोटात त्याची मर्यादाही असते. थोड्याच दिवसांत खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले की टेनिसचा फटका मारण्यास सारा हात फिरविण्याची गरज नाही. खुर्चीवर बसून मनगटाला एक झटका दिला तरी चेंडू तसाच जातो. त्वरणमापकाला झटका तेवढा कळतो. तो खांद्यातून आला की मनगटातून, ह्याची त्याला पारख नसते. शरीर स्वभावतः काटकसरी आहे. जे काम थोडक्यात होते, ते लांबण लावून करण्यास ते फार दिवस राजी होत नाही. पहिल्या आठवड्यात उभे राहून खेळणारी मुले महिन्याभरात बसून खेळू लागली आणि मग हा झटका म्हणजे अधिक श्रमाचे एक बटणच ठरले. अनेक खेळांत तर पूर्वी जेथे बटण दाबावयाचे, तेथे आता रिमोट हलवावयाचा, एवढाच बदल केलेला होता. अशा ठिकाणी हालचाल ही खेळाचा आत्मा न राहता त्यावरचे ओझे झाली.

२००९ साली निन्टेंडोने रिमोटला जोडावयाचा एक नवा भाग आणला. त्यात जायरोस्कोप होता. वस्तू कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरत आहे, हे जायरोस्कोप सांगतो. त्यामुळे मनगटाचे वळणेही यंत्राला कळू लागले. २०११ साली आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड सोर्ड’ ह्या खेळात तलवार त्या आधारे चालवावयाची होती. हात जसा फिरेल, तशी पडद्यावरची तलवार फिरे. पण अचूकता वाढली तशी एक जुनी अडचण अधिकच उघडी पडली. पडद्यावरची तलवार शत्रूच्या ढालीवर आपटून थांबते. खेळणाऱ्याचा हात मात्र हवेत पुढेच जातो. खऱ्या तलवारीला वजन असते, खरा चेंडू बॅटीवर बसला की हाताला झिणझिण्या येतात. हवेला असा प्रतिकार नाही. नियंत्रक थरथरतो, त्यातून ‘टक्’ असा आवाज येतो. परंतु हाताला अडविण्याचे सामर्थ्य त्यात नाही. डोळे एक सांगतात आणि स्नायू दुसरेच सांगतात.

ह्या खेळांनी व्यायाम होतो काय, असाही प्रश्न तेव्हा पुष्कळ विचारला गेला. सुरुवातीचे उत्तर गमतीचेच होते. हातातील रिमोट उत्साहाच्या भरात निसटून वस्तूंवर आदळू लागले. मनगटाला बांधावयाची दोरी डिसेंबर २००६ मध्येच कंपनीला बदलून अधिक मजबूत करावी लागली आणि २००७ च्या ऑक्टोबरपासून रिमोटला रबरी आवरणही देण्यात आले. २००७ सालीच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका पत्राद्वारे नोंद झाली की २९ वर्षांच्या एका व्यक्तीचा उजवा खांदा काही तास ह्या यंत्रावर टेनिस खेळल्याने दुखावला होता. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात १३ ते १५ वर्षांच्या मुलांनी खर्च केलेली शक्ती मोजण्यात आली. बसून खेळण्यापेक्षा हा खेळ बरा, पण खऱ्या मैदानाची सर त्याला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. शिक्षकांनी व पालकांनी लक्षात ठेवावा असाच हा निवाडा आहे.

अर्धांगाच्या झटक्यातून उठणाऱ्या रुग्णांसाठीही हे यंत्र वापरले गेले. २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मध्ये अशा १४१ रुग्णांच्या पाहणीचा निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांखेरीज एका गटाला वीवरील खेळ दिले होते. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ पत्ते, चेंडू अशी साधी करमणूक दिली होती. दोन्ही गटांचे हात सुधारले आणि त्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. काहींना हा निकाल निराशाजनक वाटेल. पण त्यातून जो अर्थ निघतो, तो उत्साह वाढविणाराच आहे : नियमाने आणि रुची घेऊन केलेली हालचाल महत्त्वाची, मग तिचे निमित्त महागडे यंत्र असो वा पत्त्यांचा जोड असो.

एव्हाना हातातील नियंत्रकच नको, असा विचार पुढे आला होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये ‘किनेक्ट’ हे उपकरण आणले. ते खोलीत अदृश्य अवरक्त ठिपक्यांची जाळी टाकी आणि त्या जाळीच्या वाकण्यावरून कोणती वस्तू किती अंतरावर आहे, हे ठरवी. मग मनुष्याकृती ओळखून डोके, खांदे, कोपरे, गुडघे असे सांधे शोधी. पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लाख नग खपले. तथापि त्याच्यासमोर एकट्याने खेळावयाचे तर सुमारे ६ फूट आणि दोघांनी खेळावयाचे तर सुमारे ८ फूट मोकळी जागा लागे. लहान घरात ती कोठून आणावी? शिवाय हालचाल आणि तिचा पडद्यावरील परिणाम ह्यांत किंचित विलंब राही. नाचाच्या खेळांत तो खपून जाई. पण जेथे निमिषार्धाला महत्त्व आहे, तेथे तो सलत असे. २०१३ साली कंपनीने आपल्या नव्या यंत्रासोबत किनेक्ट घेणे सक्तीचे केले. त्यामुळे किंमत वाढली आणि ग्राहक नाराज झाले. २०१४ च्या जूनपासून तेच यंत्र किनेक्टशिवाय मिळू लागले आणि २०१७ साली किनेक्टचे उत्पादन थांबले.

मग ही सारी लाट ओसरली, असे म्हणावे काय? तसे म्हणणे बरोबर होणार नाही. मोठी हालचाल मागे पडली. लहान हालचाल मात्र टिकली आणि वाढली. नियंत्रकावरची कळ अंगठ्याने ढकलली की नेम एका ठरावीक वेगाने सरकू लागतो आणि लक्ष्यावर आला की कळ सोडून तो थांबवावा लागतो. पाण्याचा नळ सोडून बादली काठोकाठ भरताच बंद करावा, तसे हे आहे. क्षणाचा उशीर झाला की नेम पुढे जातो. हातातील नियंत्रक किंचित वळविला, तर जितके वळण, तितकाच नेम सरकतो आणि हात थांबला की नेमही थांबतो. म्हणून २०१५ चा ‘स्प्लाटून’, २०१७ चा ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ अशा खेळांत दूरचा नेम कळीने आणि बारीक दुरुस्ती मनगटाने, अशी कामाची वाटणी झाली. येथे हालचाल कशाचीही नक्कल करीत नाही. बोटांना जे अचूकपणे साधत नाही, ते ती साधून देते.

हेच तंत्र आज आपल्याकडील मुलांच्या खिशात आहे. मोबाइलमध्ये त्वरणमापक असतो आणि पुष्कळ मोबाइलांत जायरोस्कोपही असतो. मोबाइल डावी-उजवीकडे कलवून मोटारीच्या शर्यती खेळणारी मुले गावोगावी दिसतात. २०२१ साली आलेल्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ ह्या खेळातही जायरोस्कोपने नेम धरण्याची सोय आहे आणि कसलेले खेळाडू तिचा कसून सराव करतात. ज्यांनी वीचे नावही ऐकलेले नाही, त्यांच्या मनगटापर्यंत त्याचा धडा अशा रीतीने पोहोचला आहे.

डोळ्यांवर चढवावयाच्या आभासी दुनियेच्या चष्म्यांनी मोठ्या हालचालीलाही २०१६ पासून पुन्हा जागा मिळवून दिली. त्यांतील ‘बीट सेबर’ हा खेळ २०१८ साली प्रथम उपलब्ध झाला. त्यात संगीताच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे प्रकाशाच्या तलवारींनी कापावयाचे असतात. ह्या तलवारी कशावर आपटून थांबत नाहीत. ठोकळ्यातून आरपार जातात. म्हणजे हवेला प्रतिकार नाही ही जी उणीव होती, तिलाच खेळाचा नियम करून टाकले. डोळे आणि स्नायू ह्यांचा वाद असा मिटला.

एक गोष्ट मात्र सदैव स्मरणात ठेवली पाहिजे. हालचालीने ज्या आजीला आत घेतले, तीच हालचाल सक्तीची झाली की दुसऱ्या कोणाला तरी बाहेर ठेवते. ज्याचा एक हात निकामी आहे, जो खाटेवर पडून आहे, ज्याचे हात थरथरतात, त्याला ‘जोराने हलवा’ ही आज्ञा म्हणजे बंद दार होय. स्कायवर्ड सोर्ड २०२१ साली नव्या रूपात प्रसिद्ध झाला, तेव्हा हाताने तलवार फिरविण्याबरोबरच कळीने ती फिरविण्याची मुभाही देण्यात आली. त्याआधी, २०१८ मध्ये, मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी एक वेगळा नियंत्रक आणला. त्याला पायाने वा कोपराने दाबावयाची बटणे आणि इतर साधने ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे जोडता येतात. बटणांपासून सुटका म्हणून हालचाल आली होती. आता हालचालीपासून सुटका म्हणून बटणांनाही मान मिळाला. ह्यात विसंगती नाही. माणसे नाना प्रकारची आहेत, तेव्हा आत येण्याच्या वाटाही नाना असावयास हव्यात.

हालचालीचे नियंत्रण चांगले की बटणांचे, हा वाद म्हणूनच फारसा फलदायी नाही. हालचाल शरीराला आधीच येणारी असावी, यंत्राला ती खरोखर कळावी, तिच्यामुळे बटणापेक्षा काही अधिक साधावे आणि जो ती करू शकत नाही त्याला दुसरा मार्ग असावा. ह्या चार अटी जेथे पाळल्या गेल्या, तेथे ती टिकली. जेथे केवळ नवलाई म्हणून ती लादली गेली, तेथून ती लवकरच गेली. वळणावर खांदे झुकविणारा तो मुलगा अजूनही झुकतोच आहे. त्याच्या त्या झुकण्याची दखल कधी घ्यावयाची आणि कधी नाही, हे ओळखणे, हेच खेळ रचणाऱ्याचे खरे काम होय.